थकलेली सिस्टर आणि राहून गेलेली कामं

सिस्टर आतून थकत चालली आहे हे तिच्या चेहऱ्यावरून कळायच्या आधी पेशंटच्या पाठीवरून कळतं. दर दोन तासांनी बदलायची कूस चार तासांनी बदलली जाते. बेशुद्ध पेशंटच्या तोंडाची स्वच्छता पुढच्या पाळीवर जाते. युरीन बॅगेतलं माप अंदाजानं लिहिलं जातं. ऑपरेशनच्या दुसऱ्या दिवशी पेशंटला धरून चार पावलं चालवायचं असतं, ते 'संध्याकाळी बघू'वर येतं. इंजेक्शनं मात्र वेळेवर पडतात, सलाइन चालू असतं, टीपीआर चार्ट भरलेला असतो, कारण राउंडला तेच पाहिलं जातं. वॉर्ड वरवर सुरळीत दिसतो आणि त्याच वॉर्डात एखाद्या आजोबांच्या टाचा लाल होत असतात.

हा लेख मुख्यतः सिस्टर आणि ब्रदर यांच्यासाठी आहे, त्यांच्या ड्युट्या लावणाऱ्या इन्चार्ज आणि मेट्रन यांच्यासाठी आहे, आणि थोडा पेशंटच्या नातेवाइकांसाठीही. बर्नआउटवर एरवी जे उपाय सुचवले जातात ते बहुतेक सिस्टरनं स्वतःच्या मनावर करायचे असतात: ध्यान करा, सकारात्मक राहा, छंद जोपासा. त्यांनी कुणाला बरं वाटत असेल तर जरूर करावेत. पण बर्नआउट ही पेशंटच्या सुरक्षेची बाब आहे. तिची पहिली खूण राहून गेलेल्या कामांत दिसते आणि तिच्यावरचा मुख्य इलाज ड्युटी लिस्टमध्ये आहे, असं माझं ठाम मत आहे. पुढचं सगळं त्या मताला धरून लिहिलं आहे.

राहून जातं ते काय?

अमेरिकेतल्या नर्सिंगच्या प्राध्यापक बिअट्रिस कॅलिश यांनी २००६ मध्ये वॉर्डमधल्या नर्सेसना बोलतं करून काय काय राहून जातं याची यादी केली. चालवणं, कूस बदलणं, वेळेवर भरवणं, आजाराबद्दल समजावून सांगणं, घरी जाण्याची तयारी करून देणं, धीर देणं, अंगाची स्वच्छता, इनटेक-आउटपुटची नोंद आणि पेशंटवर लक्ष ठेवणं, अशा नऊ गोष्टी निघाल्या. यातल्या बहुतेक गोष्टी अशा आहेत की त्या चुकल्या तर त्याच दिवशी कुणी जाब विचारत नाही. परिणाम पाच-सहा दिवसांनी बेडसोर, न्यूमोनिया, पडून झालेलं फ्रॅक्चर किंवा पुन्हा अ‍ॅडमिट होणं अशा रूपात येतो आणि तोवर त्याचा धागा कुठल्या पाळीशी जुळतो हे शोधता येत नाही. कॅलिश यांना कारणं सापडली ती अपेक्षित होती, म्हणजे माणसं कमी, वेळ कमी, कामाची वाटणी धड नाही. पण त्यांत एक कारण सवय हेही होतं. एकदा काम सोडलं आणि काही बिघडलं नाही, की दुसऱ्यांदा सोडणं सोपं जातं. काही महिन्यांनी ते काम आपल्या ड्युटीत होतं हेच आठवेनासं होतं. बर्नआउट या सवयीला खतपाणी घालतो.

कूस बदलण्यासारखं काम किती मोलाचं आहे याचा दाखला मुंबईतच आहे. केईएम रुग्णालयातल्या परिचारिका अरुणा शानबाग यांच्यावर २७ नोव्हेंबर १९७३ रोजी त्याच रुग्णालयाच्या तळघरात हल्ला झाला. कपडे बदलायला त्या तिथे गेल्या होत्या. त्यानंतर १८ मे २०१५ ला त्यांचं निधन होईपर्यंत, म्हणजे जवळजवळ ४२ वर्षं, केईएमच्या सिस्टरांनी त्यांची शुश्रूषा केली. सर्वोच्च न्यायालयाने त्यांच्यासंबंधीच्या २०११ च्या निकालात या सिस्टरांचं कौतुक केलं. इतकी वर्षं अंथरुणाला खिळलेल्या त्या देहाला बेडसोर होऊ दिला नाही, ही गोष्ट तेव्हा देशभर सांगितली गेली. सिस्टर निवृत्त झाल्या, नव्या आल्या, काम चालू राहिलं. ते एका व्यक्तीच्या त्यागातून होत नाही. प्रत्येक पाळीत कुणीतरी ते करायचं आहे हे ठरलेलं असतं आणि करणारीला तेवढा वेळ मिळतो, तेव्हा ते होतं. तुमच्या वॉर्डात हे दोन्ही आहे का, हा पहिला प्रश्न.

नुसता थकवा आणि बर्नआउट

जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९ मध्ये बर्नआउटची व्याख्या केली. त्यांच्या लेखी तो आजार नाही, कामाच्या ठिकाणचा दीर्घकाळ न सावरलेला ताण आहे. त्याची अंगं तीन: शक्ती संपल्यासारखं वाटणं, कामापासून मन तुटणं किंवा कामाविषयी कडवटपणा येणं, आणि आपल्या हातून काही नीट होत नाही असं वाटू लागणं. व्याख्येतच 'कामाच्या ठिकाणचा' हे आलं आहे, त्यामुळे उपायही आधी तिथेच शोधायला हवा.

साधा थकवा दोन दिवस पोटभर झोप मिळाली की उतरतो. बर्नआउट सुट्टीनंतरही तसाच असतो. सुट्टीच्या शेवटच्या संध्याकाळी पोटात गोळा येतो, युनिफॉर्मला इस्त्री करताना डोळे भरून येतात. पेशंट नावानं आठवत नाही, 'बारा नंबर' म्हणून आठवतो. बेल वाजली की आधी राग येतो. नव्या विद्यार्थिनीनं उत्साहानं काही विचारलं तर तिची कीव येते. आणि सर्वांत वाईट म्हणजे पेशंट गेला तरी आत काही हलत नाही. असं झालं की पुष्कळ सिस्टर स्वतःलाच दोष देतात, आपण दगड झालो म्हणतात. तुम्ही दगड झालेला नाही. सतत भरून येणाऱ्या मनानं रोज तीस पेशंट सांभाळता येत नाहीत, म्हणून मनानं स्वतःला वाचवण्यासाठी अंतर घेतलं आहे. फक्त ते अंतर पेशंटला महागात पडतं, कारण 'बारा नंबर'चा श्वास कालपेक्षा वेगळा चालला आहे हे जवळून बघणाऱ्यालाच कळतं.

ख्रिस्तिना मास्लाक यांनी १९८१ मध्ये तयार केलेली बावीस प्रश्नांची मोजपट्टी जगभर वापरली जाते. तुम्हाला तेवढं करायची गरज नाही. साप्ताहिक सुट्टीनंतरच्या पहिल्या ड्युटीला एकच प्रश्न स्वतःला विचारा: गेल्या आठवड्यात मी कोणतं काम पुन्हा पुन्हा पुढच्या पाळीवर ढकललं? उत्तरात दर आठवड्याला तेच ते काम येऊ लागलं, आणि पूर्वी ते काम तुम्ही मनापासून करत होतात, तर हा नुसता थकवा नाही.

आकड्यांचं म्हणणं

लिंडा एकन आणि सहकाऱ्यांनी २००२ मध्ये अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया राज्यातल्या १६८ रुग्णालयांचा अभ्यास प्रसिद्ध केला. शस्त्रक्रिया झालेले दोन लाख बत्तीस हजारांहून जास्त पेशंट आणि दहा हजारांहून जास्त नर्सेस त्यात होत्या. एका नर्सकडे एक पेशंट वाढला की तीस दिवसांत पेशंट दगावण्याची शक्यता ७ टक्क्यांनी वाढलेली दिसली, आणि नर्सच्या बर्नआउटची शक्यता २३ टक्क्यांनी. हे दोन आकडे एकाच अभ्यासात शेजारी शेजारी आहेत हे मला महत्त्वाचं वाटतं. पेशंटचं हित एकीकडे आणि नर्सची सोय दुसरीकडे असं मांडणाऱ्या व्यवस्थापनाला हा अभ्यास दाखवावा. वाढलेला तो एक पेशंट दोघांनाही भोवतो.

त्याच राज्यातल्या रुग्णालयांवर २०१२ मध्ये आलेल्या अभ्यासात बर्नआउट जास्त असलेल्या रुग्णालयांत कॅथेटरमुळे होणारा मूत्रमार्गाचा संसर्ग आणि शस्त्रक्रियेच्या जखमेचा संसर्ग जास्त आढळला. २०२४ मध्ये ३२ देशांतल्या ८५ अभ्यासांचा, म्हणजे दोन लाख अठ्ठ्याऐंशी हजार नर्सेसच्या माहितीचा एकत्र आढावा घेतला गेला. बर्नआउट जिथे जास्त तिथे संसर्ग, पेशंट पडणं, औषधांच्या चुका आणि राहून गेलेली कामं जास्त, पेशंटचं समाधान कमी, हेच त्यातही निघालं. असे अभ्यास संबंध दाखवतात, एकामुळेच दुसरं घडलं असं सिद्ध करत नाहीत. पण हात धुवायला वेळ आणि त्राण नसलेल्या माणसाच्या हातून कॅथेटर हाताळला गेला तर काय होईल, हे समजायला आणखी पुराव्याची वाट बघायला नको.

आपल्याकडे भारतीय परिचर्या परिषदेचं प्रमाण शिक्षण देणाऱ्या रुग्णालयांच्या जनरल वॉर्डात तीन पेशंटमागे एक नर्स आणि इतर रुग्णालयांत पाच पेशंटमागे एक असं आहे, शिवाय रजांसाठी जादा माणसं धरायची. आयसीयूत एकाला एक. सरकारी आणि खासगी, दोन्हीकडे रात्री एका सिस्टरकडे तीस-चाळीस पेशंट असणं मात्र इतकं अंगवळणी पडलं आहे की ते कुणाला धोका वाटत नाही. त्यात इंडेंट, लिनन मोजणं, स्टॉक रजिस्टर, विम्याच्या आणि योजनांच्या फायलींसाठी कागद जुळवणं ही कामंही तिच्याच गळ्यात.

सिस्टर, तुमच्या हातात काय आहे?

माणसं वाढवणं तुमच्या हातात नाही. पण माणसं कमी आहेत त्या रात्री धोका कमी करणं बऱ्याच अंशी आहे. त्यातली पहिली आणि मला सर्वांत मोलाची वाटणारी गोष्ट म्हणजे राहिलेलं काम हँडओव्हरमध्ये बोलून दाखवायचं. आपल्याकडे ओव्हर देताना झालेल्या कामांची यादी वाचली जाते आणि न झालेली कामं गिळली जातात, कारण पुढची सिस्टर तोंड वाकडं करेल किंवा इन्चार्ज बोलतील. असं म्हणून बघा: "सात नंबरच्या आजोबांची कूस चारनंतर बदललेली नाही, दोन सीरियस आले होते. टाचा लालसर आहेत. आधी तिकडे बघ." एवढ्या वाक्यानं आजोबांचे आणखी चार तास वाचतात. लपवलेलं काम पुढच्या पाळीतही राहतं, कारण ते राहिलं आहे हे कुणाला ठाऊकच नसतं. घेणाऱ्या सिस्टरनंही हे ऐकून टोमणा मारू नये. उद्या तिच्यावरही तीच वेळ येणार आहे.

दुसरी गोष्ट औषधांची. सिडनीतल्या दोन रुग्णालयांतल्या, २०१० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात नर्सेस औषधं देत असताना शेजारी उभं राहून निरीक्षण केलं गेलं. निम्म्याहून जास्त वेळा मध्ये कुणीतरी व्यत्यय आणला होता, आणि प्रत्येक व्यत्ययागणिक चुका सुमारे १२ टक्क्यांनी वाढत होत्या. थकलेल्या मेंदूला तुटलेला धागा पुन्हा पकडायला जास्त वेळ लागतो, म्हणून ट्रॉली फिरत असताना बोलणं बंद, हा नियम वॉर्डनं मिळून करावा. फोन मामा किंवा मावशींनी घ्यावा. नातेवाइकांना एकच वाक्य सगळ्यांनी सारखं सांगावं: "औषधं देते आहे, संपली की येते." आणि संपली की खरंच जावं, नाहीतर दुसऱ्या दिवशी ते वाक्य कुणी मानणार नाही. इंजेक्शन लोड करताना कुणी हाक मारली आणि लक्ष गेलं, तर अर्धवट भरलेली सिरिंज अंदाजानं पुरी करू नका, टाकून द्या आणि पुन्हा भरा.

पोटॅशियम क्लोराइड, इन्शुलिन आणि हेपॅरिन ही तीन औषधं रात्री दुसऱ्या डोळ्यांनी तपासल्याशिवाय देऊ नयेत. दुसरी सिस्टर नसेल तर ड्युटीवरच्या डॉक्टरांना वाचून दाखवा. पोटॅशियम क्लोराइड पातळ न करता शिरेतून थेट दिलं तर हृदय थांबतं, म्हणून त्याचे अँप्युल इतर औषधांत मिसळून ठेवू नका. इन्शुलिनचं तर आपल्याकडे खास दुखणं आहे. व्हायल बहुधा ४० युनिटच्या असतात आणि त्यांना लाल टोपीची सिरिंज लागते. १०० युनिटचं इन्शुलिनही वॉर्डात असतं, त्याला नारिंगी टोपीची सिरिंज लागते. १०० युनिटचं इन्शुलिन लाल टोपीच्या सिरिंजनं ओढलं तर पेशंटला अडीच पट डोस जातो. पहाटे साडेपाचच्या डोळ्यांना लाल आणि नारिंगी सारखेच दिसतात. दोन्ही प्रकार वेगळ्या डब्यांत ठेवा आणि डब्यावर ठळक लिहा. ही व्यवस्था दुपारी, डोकं ताजं असताना करून ठेवायची असते.

रात्रपाळी

पहाटे तीन ते पाचच्या दरम्यान माणसाची सावधता सर्वांत खाली जाते. अनुभव कितीही असला तरी शरीराचं घड्याळ बदलत नाही. म्हणून मोजदादीचं, हिशेबाचं आणि धोक्याचं काम शक्य तितकं या वेळेच्या आधी उरकावं. पहिल्या नाइटला जाण्यापूर्वी दुपारी तास-दीड तास झोप घ्यावी. ड्युटीवर दोघी असाल तर आळीपाळीनं वीस-तीस मिनिटांची डुलकी घ्यावी. आपल्याकडे हे चोरून करावं लागतं आणि सापडलं तर मेमो मिळतो. मला हे चुकीचं वाटतं. ठरवून, सोबतिणीला सांगून, पेशंट तिच्या नजरेखाली ठेवून घेतलेली अर्ध्या तासाची झोप पेशंटच्या हिताची आहे. न सांगता खुर्चीत लागलेली झोप तेवढी धोक्याची. प्रशासनानं पहिलीला मान्यता दिली तर दुसरी आपोआप कमी होईल. जाग आल्यावर पाच-दहा मिनिटं डोकं जड असतं, तेवढ्यात इंजेक्शन लोड करू नका.

चहा पाळीच्या पहिल्या अर्ध्यात प्या. पहाटे चारचा कडक चहा सकाळची झोप खातो. पाणी मात्र सतत प्या. लघवीला जावं लागेल म्हणून पाणी न पिणाऱ्या सिस्टर प्रत्येक वॉर्डात आहेत आणि मूत्रमार्गाच्या संसर्गाच्या गोळ्याही त्याच घेत असतात. घरी जाताना डोळे मिटत असतील तर स्कूटी हातात घेऊ नका. चेंजिंग रूममध्ये वीस मिनिटं टेकून निघा, किंवा रिक्षा, बस पकडा.

इथे सिस्टरच्या घरच्यांशीही बोलायला हवं. नाइट करून आलेली बाई डबे भरते, मुलांना शाळेत सोडते, दुपारी जेमतेम दोन तास पडते आणि रात्री पुन्हा ड्युटीवर जाते, हे असंख्य घरांत चालतं. ती दिवसभर घरी आहे म्हणून तिला मोकळी समजू नका. नाइटनंतरची सहा-सात तासांची सलग झोप हा तिच्या ड्युटीचाच भाग आहे. त्या दिवशीचे डबे दुसऱ्या कुणीतरी करावेत, आणि दार वाजलं तर तिनं उठू नये.

डबल ड्युटीबद्दल एकच सांगते. ३९३ नर्सेसनी स्वतःच्या पाळ्यांच्या आणि चुकांच्या नोंदी ठेवलेल्या एका अमेरिकी अभ्यासात (२००४) साडेबारा तास किंवा त्याहून जास्त काम झालं की चुकांची शक्यता तिप्पट झालेली आढळली. रिलिव्हर आली नाही आणि थांबावंच लागलं, तर तसं ड्युटी रजिस्टरमध्ये लिहून घ्या. दुसऱ्या पाळीत आयसीयू किंवा औषधांची ट्रॉली आपल्याकडे नको, दुसरं काम द्या, असं इन्चार्जना स्पष्ट सांगा. हा कामचुकारपणा नाही.

चूक झालीच तर

चूक लक्षात आली त्या क्षणी डॉक्टरांना सांगा. पेशंटला वाचवायचा वेळ तेवढाच असतो. नंतर इन्चार्जना सांगा, आणि घटना अहवाल स्वतःच्या शब्दांत, घडलं तसं लिहा. अमेरिकेतले डॉक्टर अल्बर्ट वू यांनी २००० साली लिहिलं की चूक झाली की पहिला बळी पेशंट असतो आणि दुसरा बळी ती चूक ज्याच्या हातून झाली तो. हा दुसरा बळी आपल्याकडे चौकशीच्या खुर्चीत एकटा बसवला जातो. इन्चार्जनी त्या दिवशी तिला घरी पाठवायची व्यवस्था करावी, किमान त्याच पाळीत पुन्हा ट्रॉलीवर उभी करू नये. चौकशीचा पहिला प्रश्न 'तू असं कसं केलंस?' हा नसावा. 'त्या वेळी तुझ्याकडे किती पेशंट होते आणि तू किती तास ड्युटीवर होतीस?' असा असावा. त्या उत्तरातून पुढची चूक टळते.

इन्चार्ज आणि मेट्रन यांच्यासाठी

ड्युटी लिस्ट निदान दोन आठवडे आधी लागलेली असावी. उद्या कुठली पाळी आहे हे आज रात्री कळणाऱ्या माणसाला झोपेचं काही ठरवताच येत नाही. इव्हिनिंगला लागून मॉर्निंग देऊ नका. रात्री आठ-नऊला सुटून, लोकलनं घर गाठून, सकाळी सातला पुन्हा वॉर्डात उभं राहायचं म्हणजे झोप चार-पाच तासांवर येते. पाळ्या फिरवायच्या तर मॉर्निंगकडून इव्हिनिंगकडे, इव्हिनिंगकडून नाइटकडे अशा पुढे सरकवा, शरीर ते सहज स्वीकारतं. नाइटचा सलग हप्ता छोटा ठेवा आणि तो संपला की दोन दिवस सुट्टी द्या. सकाळी सुटलेला दिवस हीच सुट्टी असं धरू नका.

वाटणी बेडच्या आकड्यावर न करता पेशंट किती जड आहे त्यावर करा. ट्रॅकिऑस्टॉमीचा एक पेशंट आणि उद्या घरी जाणारा एक पेशंट सारखे नाहीत. नवी मुलगी आणि जुनी सिस्टर एका पाळीत जोडीनं ठेवा. सगळ्या नव्या मुली नाइटला टाकण्याची पद्धत बंद करा. पहिल्या वर्षी नोकरी सोडून जाणाऱ्यांत याच मुली असतात. इंडेंट, लिनन, फायली ही कामं कारकुनाकडे द्यायची मागणी लेखी करा, आणि ती करताना या कामांत सिस्टरचे रोज किती तास जातात ते आठवडाभर मोजून जोडा. व्यवस्थापन तासांचा हिशेब नाकारू शकत नाही.

राउंडला झालेल्या कामांइतकंच न झालेल्या कामांबद्दल विचारा, आणि उत्तर आल्यावर रागावू नका. एकदा रागावलात की ती माहिती तुम्हाला पुन्हा कधी मिळणार नाही. आठवड्यातून एकदा पंधरा मिनिटं सगळ्यांना बसवून राहून गेलेली कामं फळ्यावर लिहा. महिनाभरात वॉर्डची दुखरी जागा कुठली ते स्पष्ट होईल. कूस बदलणं राहत असेल तर दोन्ही मामा एकाच वेळी चहाला जातात का, हेही तपासा. उपाय कधी कधी इतका जवळ असतो.

कडी लागणारी चेंजिंग रूम, स्वच्छ टॉयलेट, रात्री सुटणाऱ्यांसाठी गाडी, जिन्यात दिवे यांना सोयी म्हणू नका. अरुणा शानबाग यांच्या मुंबईत तर नाहीच नाही. नातेवाईक अंगावर धावून आले तर महाराष्ट्रात २०१० पासून वैद्यकीय सेवा देणाऱ्यांवरील हिंसाचाराविरुद्ध कायदा आहे. त्यात नर्सेस येतात, गुन्हा अजामीनपात्र आहे आणि तीन वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते. तक्रार सिस्टरनं एकटीनं करायची नसते, संस्थेनं करायची असते.

खासगी रुग्णालयांच्या मालकांनी २०१६ मधली एक गोष्ट पुन्हा वाचावी. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर केंद्र सरकारनं नेमलेल्या समितीनं दोनशेहून जास्त खाटांच्या रुग्णालयांत नर्सेसना राज्य सरकारी नर्सेसइतका पगार द्यावा, पन्नासपेक्षा कमी खाटा असतील तरी महिना वीस हजारांपेक्षा कमी देऊ नये, आणि रजा, कामाचे तास, वाहतूक या बाबतीतही सरकारी नर्सेसच्या बरोबरीनं वागवावं, अशी शिफारस केली. कित्येक नर्सिंग होममध्ये आजही वीस हजार हा मोठा पगार समजला जातो. कमी पगाराची सिस्टर दुसरीकडे अर्धवेळ काम धरते आणि तुमच्या पेशंटसमोर थकूनच उभी राहते.

नर्सेस वाढवणं परवडत नाही म्हणणाऱ्यांसाठी ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलंडचं उदाहरण आहे. तिथे २०१६ पासून काही सरकारी रुग्णालयांत दिवसा चार पेशंटमागे एक आणि रात्री सात पेशंटमागे एक नर्स असावी असा कायदा झाला. २०२१ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आलेल्या अभ्यासानुसार तिथले मृत्यू कमी झाले, पुन्हा भरती होणं इतर रुग्णालयांसारखं वाढलं नाही, आणि पुन्हा भरती टळल्यामुळे व लवकर बरं होऊन घरी गेल्यामुळे वाचलेला पैसा जादा नर्सेसच्या खर्चाच्या दुपटीहून जास्त निघाला.

नातेवाइकांनी

पेशंटला भरती करताना खोलीत एसी आहे का हे विचारता, तसं रात्री या वॉर्डात एका सिस्टरकडे किती पेशंट असतात हेही विचारा. पुरेशा लोकांनी विचारलं तर रुग्णालयांना उत्तर तयार ठेवावं लागेल. सिस्टरशी बोलायला घरातलं एकच माणूस ठरवा. ट्रॉली फिरत असताना थांबा. भरवणं, केस विंचरणं, पाय चोळणं, कूस बदलताना हात लावणं हे एकदा शिकून घ्या आणि करा. काही राहिलेलं दिसलं तर शांतपणे सांगा. माणसं कमी असल्याची तक्रार मात्र सिस्टरवर ओरडून करू नका. ती अधिष्ठात्यांकडे, वैद्यकीय अधीक्षकांकडे, मालकाकडे लेखी करा. त्या तक्रारीचा सिस्टरलाही उपयोग होतो.

मदत मागण्याबद्दल

झोप पार उडाली असेल, सारखं रडू येत असेल, जगण्यात अर्थ वाटत नसेल, गोळ्यांच्या कपाटाकडे नको ते मनात येऊन पाहिलं जात असेल, तर आता हा ड्युटी लिस्टचा प्रश्न राहिलेला नाही. हे नैराश्य असू शकतं आणि त्यावर उपचार आहेत. आपल्याच रुग्णालयातल्या मानसोपचार विभागात जायला संकोच वाटत असेल तर बाहेरच्या डॉक्टरांकडे जा. केंद्र सरकारची टेली-मानस सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास, मोफत आणि मराठीतही मिळते. हा क्रमांक ड्युटी रूममध्ये, लिस्टच्या शेजारी, डोळ्यांसमोर राहील असा चिकटवा.

आणि इन्चार्जसिस्टर, पुढच्या महिन्याची लिस्ट लावायला बसाल तेव्हा इव्हिनिंगला लागून आलेली प्रत्येक मॉर्निंग आधी खोडा. त्यासाठी वरून मंजुरी लागत नाही, तुमच्या हातातलं पेन पुरतं.